बापाच्या नाचात मामा

मुलीच्या लग्नात आपण नाचायचं, आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागायची नाही, असं इशारेरावांनी ठरवलं ते आंघोळ करताना. टॉवेल गुंडाळून बाहेर येईपर्यंत ही गोष्ट घरभर झाली होती. कारण ठरवल्या ठरवल्या त्यांनी बाथरूममध्ये थोडी तालीम केली, तीत बादली कलंडली, तांब्या दारावर आपटला आणि साबणाची डबी खिडकीतून खाली गेली.

"काय पडलं?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही."

"नाचत नव्हता ना?"

आता माणसानं स्वतःच्या बाथरूममध्ये, स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या आनंदात दोन पावलं टाकली तर तो काय गुन्हा झाला? इशारेरावांनी हाच प्रश्न जरा वरच्या पट्टीत विचारला. उत्तर म्हणून त्यांच्या हातात फरशी पुसायचं फडकं आलं.

इशारेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या दिवशी सही करण्यापुरतं लागतं. ते माल उतरवण्याच्या एका मोठ्या यार्डात कामाला होते. तिथे क्रेन असते, आणि क्रेन चालवणारा वर काचेच्या खोलीत बसतो. त्याला खालचं नेमकं दिसत नाही, आणि मशीनच्या आवाजात ऐकू तर काहीच येत नाही. म्हणून खाली नारिंगी जॅकेट घातलेला एक माणूस उभा राहतो आणि हातांच्या खुणांनी वरच्याला सांगतो, की उचल, उतरव, डावीकडे घे, थांब. वरच्यानं त्या नारिंगी माणसाखेरीज कुणाचंही ऐकायचं नाही, मग खाली यार्डाचा मालक उभा राहून का बोंबलेना, हा तिथला पहिला नियम. आणि नारिंगी माणसानं कामाशिवाय हात हलवायचा नाही, हा दुसरा. नाक खाजलं तरी माल जमिनीला टेकेपर्यंत ते खाजू द्यायचं. इशारेरावांनी वीस-बावीस वर्षं असं नाक खाजू दिलेलं होतं. (घरीही ही सवय सुटली नव्हती. अंगावर बसलेली माशी हाकलायची झाली तरी ते बायकोला हाक मारत. बायको म्हणे, माशीचं निमित्त आहे, मूळचा आळस आहे.)

असे दिवसभर बांधून ठेवलेले हात. ते नाचाच्या वेळी सुटले की मग सुटलेच, दावं तोडलेल्या वासरांसारखे. एक हात पंखा पुसायला जाई तेव्हा दुसरा विहिरीतून पाणी काढत असे. पाय आपला वेगळाच संसार मांडून बसत. मान या कुणाशीच संबंध नसल्यासारखी होकार देत राही. पुतण्याच्या लग्नात ते असे नाचले तेव्हा आजूबाजूची माणसं हळूहळू मागे सरली आणि मधे मोठं रिंगण मोकळं झालं. इशारेरावांना वाटलं, हा मान आहे. पुढे त्याचा व्हिडिओ नातेवाइकांत फिरला तेव्हा त्यांना कळलं, की एका आजीचा चष्मा गेला होता.

"भावोजी नाचले की वाटतं, कुठेतरी ट्रक रिकामा होतोय," असं त्या व्हिडिओखाली मेव्हण्यानं लिहिलं. मेव्हणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, मुलीचा मामा, चष्म्यांच्या दुकानाचा मॅनेजर. अंगानं सडपातळ, डोळे मिटून नाचणारा. जो माणूस चष्मे विकतो त्यानं निदान डोळे उघडे ठेवून नाचावं, एवढी साधी गोष्ट कुणी त्याला कधी सांगितली नाही. लोक इशारेरावांनाच सांगत, आणि दर वेळी तेच तेच सांगत.

मुलीचं लग्न ठरलं, आणि नवऱ्या मुलाच्या आईनं, म्हणजे विहीणबाईंनी, लग्नानंतरच्या पार्टीत नाच बसवायचं ठरवलं. त्यासाठी एक शिकवणारी ठेवली. कोपराला कोपर टेकवून उभी केली तरी दोन माणसांचा ताल जमवून देईल अशी तिची ख्याती होती. सगळे तिला नाचबाई म्हणत. विहीणबाईंचा आणि त्यांच्या जावा-नणंदांचा एक नाच, मग नवरा-नवरीचं आगमन, आणि मग वडील आणि मुलगी यांचा नाच, असा कार्यक्रम ठरला.

वडील आणि मुलगी. इशारेराव ते ऐकून रात्रभर झोपले नाहीत. मुलगी लहानपणी जेवायला बसली की तोंड उघडायची नाही. तेव्हा ते समोर बसून एक बोट वर करत आणि गोल गोल फिरवत, की तिचा इवलासा हात घास उचलायचा. बोट खाली करून फिरवलं की घास तोंडात. ती क्रेन आणि हे खाली उभे. शाळेत जाईपर्यंत ती पोर या इशाऱ्यांवर वाढली होती. बापलेकीच्या नाचाला आणखी काय शिकवायचं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

पहिल्या तालमीला नाचबाईंनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. मग त्या म्हणाल्या, "बोट वर, गोल गोल."

सगळ्यांची बोटं वर गेली. विहीणबाईंचं तर असं ताठ, की त्यावर रुमाल वाळत घालावा. इशारेरावांचे हात मात्र खालीच राहिले.

"काका, बोट वर."

"बाई, याचा अर्थ होतो, उचला."

"काय उचला?"

"तेच विचारतोय. काय उचलायचंय?"

"काही उचलायचं नाही, काका. नुसतं बोट फिरवायचं."

"नुसतं कसं फिरवणार? वर माणूस बसलेला असतो."

नाचबाईंनी वर पाहिलं. वर पंखा होता. बाकीचे हसले, सगळ्यात मोठ्यानं मेव्हणा. यात हसण्यासारखं काय होतं? डॉक्टरला कुणी सांगेल का, की नुसती गंमत म्हणून चार सुया टोचा? हात काही कुणी वाटेवर टाकलेला नसतो. त्याच्या प्रत्येक हालचालीला खालीवर होणारं कुणीतरी असतं. हे इशारेरावांनी तिथे पाच मिनिटं समजावून सांगितलं. तोवर सगळे पाणी प्यायला गेले होते.

दुसऱ्या तालमीला नाचबाई म्हणाल्या, बरं, काका, तुम्ही तुमच्या मनानं नाचा. इशारेराव मनानं नाचले. तिसऱ्या तालमीला त्यांना बोलावणंच आलं नाही.

बातमी बायकोनं आणली, तीसुद्धा भाजी निवडता निवडता, मान वर न करता. वडील आणि मुलगी हा नाच दादा करेल, म्हणाली.

"बापाच्या नाचात मामा?"

"नाच तोच आहे. माणूस तेवढा वेगळा."

"आणि माइकवरून काय सांगणार? वडील आणि मुलगी?"

"हो. लोकांना काय कळतंय?"

"लोक मला ओळखतात."

"म्हणूनच," बायको म्हणाली.

इशारेरावांनी मुलीकडे पाहिलं. ती मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होती, आणि जे शोधत होती ते काही केल्या सापडत नसावं. ती एक शब्द बोलली नाही. बायकोचं, मेव्हण्याचं, नाचबाईंचं ते सगळं सोसलं असतं. पण ते गप्प बसणं त्यांना फार लागलं. त्या दिवसानंतरच त्यांनी आंघोळ करताना तो निश्चय केला, ज्यात साबणाची डबी गेली.

आणि दैवाची मस्करी बघा. ज्या हातांना नाचायला बंदी, त्याच हातांवर सगळ्यांनी लग्नातलं मुख्य काम टाकलं. जावयाला हौस होती, की आपण दोघांनी फुलांच्या झोपाळ्यात बसून वरून खाली उतरावं. विहीणबाई म्हणाल्या, इशारेरावांचं तर ते रोजचंच आहे. यार्डाच्या मालकानं लग्नाची भेट म्हणून एक लहान क्रेन एका संध्याकाळपुरती दिली, आणि क्रेनबरोबर वरचे आले.

वरचे म्हणजे क्रेन चालवणारे. इशारेराव खालचे, ते वरचे. वीस वर्षांत दोघांत शंभर वाक्यंही बोलून झाली नसतील. एकजण डबा वर खाई, दुसरा खाली. पण बायकोला जे सांगून कळत नाही ते वरच्यांना या करंगळीवरून कळतं, असं इशारेराव अभिमानानं सांगत. (बायकोसमोर सांगत नसत.) घरात काही अडलं की बायको म्हणे, सगळं वरच्याच्या हातात आहे. इशारेराव मनात म्हणत, आणि वरचा माझ्या हातात आहे.

पार्टी एका हॉटेलच्या मागच्या बागेत होती. बागेच्या मधे नाचायची लाकडी फरशी, तिच्या टोकाला सजवलेला मंच, आणि डाव्या अंगाला एक गोल हौद, कारंज्यासकट. क्रेन मेंदीच्या उंच कुंपणामागे लपवलेली. संध्याकाळी पाहुणे जमले, दिवे लागले, तेव्हा इशारेराव कुंपणामागे नारिंगी जॅकेट घालून उभे होते. नवरा-नवरी झोपाळ्यात बसली. पट्टे त्यांनी स्वतः ओढून पाहिले, जावयाचा जरा जास्तच ओढून पाहिला. मग बोट वर करून गोल फिरवलं, आणि झोपाळा असा अलगद वर गेला, की मुलीच्या कानातलं डूलसुद्धा हललं नाही. दुमजली उंचीवर त्यांनी त्याला थांबवलं. आता विहीणबाईंचा नाच व्हायचा, तोवर त्या दोघांनी वर उजेडात हात हलवत बसायचं, आणि नाच संपला की इशारेरावांनी पुढे येऊन त्यांना मंचावर उतरवायचं, असं ठरलेलं होतं.

ते कुंपणाला वळसा घालून फरशीच्या कडेला आले, आणि समोर बायको.

"हे काढा."

"जॅकेट आहे. कामाचं."

"मुलीच्या लग्नात रस्ता खणायला आल्यासारखे दिसताय. काढा आधी. कोट घाला."

इशारेरावांनी सांगून पाहिलं, की वरच्यांना ते जॅकेट दिसायला लागतं. बायको म्हणाली, वीस वर्षं ते तुमचे हात ओळखतात असं तुम्हीच सांगता ना? आता स्वतःचंच वाक्य असं अंगावर आल्यावर माणूस काय करणार? आणि ते वाक्य त्यांना पटतही होतं. जॅकेट काय, अंगावर गोणपाट घेऊन उभा राहिलो तरी वरचे माझे हात ओळखतील, असं म्हणून त्यांनी जॅकेट काढून दिलं. बायकोनं ते घडी करून आपल्या खुर्चीखाली, पर्समागे सारलं. पुतण्याच्या लग्नात शिवलेला कोट त्यांनी चढवला. मधल्या काळात कोट होता तेवढाच राहिला होता आणि इशारेराव मात्र राहिले नव्हते.

"आणि वेळ येईपर्यंत हात खिशात," बायको जाता जाता म्हणाली.

हात खिशात घालून इशारेराव उभे राहिले. गाणं सुरू झालं. विहीणबाई पिकल्या संत्र्याच्या रंगाचा, टिकल्याच टिकल्या लावलेला पोशाख घालून फरशीवर आल्या, मागे जावा-नणंदा. जसं शिकवलं तसं, तिळमात्र फरक न करता त्यांनी नाच सुरू केला. नाचबाई कडेला उभ्या राहून ओठांनी मोजत होत्या. पाहुणे कौतुकानं बघत होते. हे सगळं इशारेरावांनी सोसलं असतं. वेळ येईपर्यंत ते तिथे खांबासारखे उभे राहिले असते. पण तेवढ्यात त्यांना पलीकडच्या बाजूला मेव्हणा दिसला.

मेव्हणा डोळे मिटून खांदे सैल करत होता. त्याच्या छातीवर रेशमी फितीचं फूल होतं. असं फूल नवऱ्याच्या आईवडिलांना होतं, नवरीच्या आईला होतं. त्यावर चकचकीत अक्षरांत कोण कोणाचं ते लिहिलं होतं. मेव्हण्याच्या छातीवर लिहिलं होतं, मुलीचे वडील.

इशारेरावांनी आपल्या कोटाकडे पाहिलं. तिथे बटणाचा सुटलेला दोरा लोंबत होता.

मुलीला ताप आला की रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायचं कुणी? सायकल शिकताना मागे धावायचं कुणी? आणि आज फूल कुणाला? तर चष्म्याच्या दुकानदाराला. इशारेरावांच्या कानशिलांतून वाफ निघायची तेवढी बाकी राहिली. त्यांनी खिशातून हात काढले. दोन ढांगांत ते फरशीवर पोचले, थेट विहीणबाईंच्या शेजारी, आणि नाचू लागले.

ते कसे नाचले हे सांगणं कठीण आहे. कोट काखेत करकचून धरत होता, त्यामुळे हात वर जाताना अडत आणि मग एकदम सुटत. डावा खांदा कोटात आणि उजवा कोटाबाहेर, अशी काहीतरी अवस्था होती. राग तर असा, की प्रत्येक पाऊल मेव्हण्याच्या पायावर पडावं तसं पडत होतं. पण एक सांगायला हवं, ते मनापासून नाचत होते. आणि काय आश्चर्य, थोड्याच वेळात लोक उठून उभे राहू लागले. कुणी ओरडलं. कुणी हात वर केले. मग सगळ्यांनीच हात वर केले आणि एकच गलका झाला. इशारेरावांचा ऊर भरून आला. आजवर आपण नाचलो की माणसं मागे सरत, आज ती उभी राहून साथ देत होती. विहीणबाईंना वाटलं, हा गलका आपल्यासाठी. त्यांनाही चेव चढला. दोन व्याही-विहीण खांद्याला खांदा लावून जिवाच्या आकांतानं नाचत राहिले, आणि दोघांपैकी कुणीच वर पाहिलं नाही.

वर झोपाळा निघाला होता. आधी तो दुमजली होता तो चारमजली झाला. मग त्यानं संथपणे डावीकडे प्रस्थान ठेवलं. जावई काहीतरी ओरडत होता, पण लग्नाच्या गाण्यापुढे जावयाचं कोण ऐकतं? मंच मागे पडला, खुर्च्या मागे पडल्या, आणि झोपाळा हौदावर येऊन थांबला. मग तो खाली येऊ लागला, तोही अगदी हळुवार, पाळण्यात बाळ ठेवावं तसा. जावयाचे नवे कोरे बूट आधी पाण्यात गेले, मग मोजे, मग पाटलोण गुडघ्यांपर्यंत.

गाणं संपलं. इशारेरावांनी दम खाण्यासाठी मान वळवली, आणि मुलगी-जावई कारंज्यात बसलेली त्यांना दिसली. त्यांनी दोन्ही हात आडवे फेकले. यार्डात याचा अर्थ, आहे तिथे थांब. झोपाळा थांबला.

बाग चिडीचूप झाली. कारंज्याचं पाणी तेवढं जावयाच्या मांडीवर पडत होतं. मग हळूहळू सगळ्या माना वळल्या, आणि ज्या दिशेला वळल्या तिथे इशारेराव हात आडवे करून उभे होते.

"भावोजी नाचले," मेव्हणा म्हणाला. यावेळी त्याचे डोळे उघडे होते.

विहीणबाई मटकन खुर्चीत बसल्या आणि तोंडावर रुमाल घेतला. इशारेरावांनी तातडीनं बोट वर करून फिरवलं. झोपाळा हलेना. पुन्हा फिरवलं. वरचे काचेतून बघत बसलेले, दगडासारखे. घाबरले असणार बिचारे, इशारेरावांना वाटलं. हात आणखी उंच करायला गेले तर कोट टर्रकन काखेत उसवला. मग त्यांनी कोटच काढायला घेतला. एक बाही निघाली, दुसरी निघेना. ते स्वतःभोवती दोनदा फिरले, आणि तिसऱ्या फेरीत कोट एकदाचा सुटला. एवढ्यात बायकोनं खुर्चीखालून जॅकेट ओढून त्यांच्या अंगावर फेकलं.

"घाला एकदाचं. काय सोंग करायचं ते यात करा."

जॅकेट चढलं, बोट वर गेलं, आणि झोपाळा क्षणात हलला. पुढचं काम बघत राहावं असं झालं. वर, उजवीकडे, जरा सावकाश, आणखी एक वीत, खाली. नवरा-नवरी मंचाच्या मधोमध, रांगोळी काढावी इतक्या नेमकेपणानं टेकली. जावयाच्या पाटलोणीतून पाणी गळत होतं, तो भाग सोडला तर आगमन देखणं झालं. पण टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

मग जी झाडाझडती झाली तिला तोड नाही. बायको म्हणाली, हात खिशात ठेवायला सांगितले होते. व्याही म्हणाले, हे नाचण्याचं ठिकाण होतं, गोदी नव्हे. मेव्हणा म्हणाला, मी आधीच लिहिलं होतं, ट्रक रिकामा होतो म्हणून, आज जावई रिकामा झाला. नाचबाईंनी तर स्पष्टच सांगितलं, की यासाठीच आपण त्यांना काढलं होतं.

इशारेराव उसळले. "बावीस वर्षांत मी एक चुकीचा इशारा दिलेला नाही."

"मग आज त्यांना कोण उचलत होतं?" बायको म्हणाली. "मी?"

क्रेन आपल्याच हातांनी हलते हे तर ते जन्मभर सांगत आले होते. ते खाली मान घालून उभे राहिले. पण खरं सांगायचं तर त्या शरमेच्या तळाशी त्यांना किंचित बरंही वाटू लागलं होतं. लोक म्हणतात, याच्या नाचाला ना अर्थ ना ताल. पण अर्थ नसता तर वीस वर्षांच्या अनुभवी माणसानं तो वाचला असता का? मेव्हण्यानं डोळे मिटून नाचून दाखवावं, साधी खुर्ची हलते का बघू. आपल्या नाचानं चारमजली उंच माणसं उचलली होती, वळवली होती आणि पाण्यात अलगद ठेवली होती. ते त्यांनी बोलूनही दाखवलं. "चुकून का होईना," ते म्हणाले, "माझा नाच काहीतरी बोलतो. तुमचे नाच मुके आहेत." आणि मान ताठ करून उभे राहिले.

तेवढ्यात मुलगी मंचावरून उतरून आली. तिच्या पोशाखाची कड ओली होती आणि डोळ्यांत पाणी होतं. आता ही काय बोलते म्हणून इशारेराव दोन पावलं मागे सरले. पण ते पाणी हसण्याचं होतं. ती मामाजवळ गेली, त्याच्या छातीवरचं फूल काढलं आणि नारिंगी जॅकेटवर टोचलं.

"बाबा, वरून सगळे एकसारखे हलताना दिसत होते," ती म्हणाली. "तुम्ही तेवढे वेगळे होता. त्या दिवशी मी गप्प बसले, ते चुकलंच माझं."

इशारेरावांनी एक बोट वर केलं आणि गोल फिरवलं. मुलीचा हात वर गेला, न दिसणारा घास उचलून. त्यांनी हात डावीकडे केला, ती डावीकडे वळली. बोट खाली, घास तोंडात. मग वाजवणाऱ्यांनी गाणं लावलं, आणि बापलेक त्या लाकडी फरशीवर तसेच खेळत राहिले. माणसं हसत होती, टाळ्या वाजवत होती, आणि ओल्या पाटलोणीतला जावईसुद्धा टाळ्या वाजवत होता. बायको मात्र पदराआड डोळे पुसत होती आणि कुणी पाहिलं की डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणत होती.

एवढ्यावर जर इशारेराव घरी गेले असते तर हा दिवस त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस ठरला असता. पण माणसाला कुठे थांबावं हे कळत नाही, आणि दुसऱ्याला थांबवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला तर मुळीच कळत नाही. ते जेवणाचं ताट घेऊन कुंपणामागे गेले. वरचे खाली उतरून क्रेनच्या चाकाला टेकून जेवत बसले होते. इशारेराव त्यांच्याजवळ बसले. बायको, मेव्हणा आणि विहीणबाईही मागोमाग आल्या, कारण वरच्यांना दोन शब्द सुनवायचे असं व्याह्यांच्या मंडळींत ठरलं होतं.

"वरचे, तुमची चूक नाही," इशारेराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तुम्ही माझे हात पाळले."

वरच्यांनी घास गिळला. "तुमचे नाही," ते म्हणाले. "तुम्ही तर निघूनच गेलात. तोंडावर दिवे, चेहरे दिसेनात. म्हटलं, बदली माणूस देतील. तर या बाई आल्या नारिंगीत." त्यांनी विहीणबाईंकडे पाहून अदबीनं मान लवली. "फार स्वच्छ हात. बोट वर, गोल गोल. डावीकडे. बोट खाली. शेवटी दोन्ही हात आडवे, थांब. वीस वर्षांत असे इशारे पाहिले नाहीत. बाई, कुठल्या यार्डात असता?"

विहीणबाईंनी आपल्या संत्र्याच्या रंगाच्या पोशाखाकडे पाहिलं. मेव्हण्यानं डोळे मिटून घेतले, पण यावेळी हसू दाबण्यासाठी.

"आणि मी?" इशारेरावांनी कसंबसं विचारलं. "मीही होतो ना तिथे. शेजारीच. हात हलवत होतो."

वरचे आठवू लागले. "शेजारी एक माणूस होता खरा," ते म्हणाले. "त्याला कोट काढायचा होता आणि निघत नव्हता. बराच वेळ झटापट चालली होती. वरून बघवेना. कुणी मदतीलाही जाईना त्याच्या."

मग त्यांनी समाधानानं पुढचा घास उचलला.

"पण शेवटी निघाला एकदाचा. म्हटलं, सुटला बिचारा."